साठी बुद्धी नाठी, की अरळु मरळु?

सीमाभागात साहित्य संमेलनांना तोटा नाही. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, कुद्रेमानी अशी बेळगावच्या आसपासची गावेच्या गावे मांडव घालतात, ग्रंथदिंडी काढतात, पाहुण्यांना जेवू घालतात आणि दिवसभर बसून भाषणे ऐकतात. सरकारचा हात पाठीवर नसताना खेडेगावांनी भाषेसाठी एवढे करावे, याचा मला अभिमान आहे. पण याच मांडवांच्या मागे, चहाच्या कपाभोवती, गेली काही वर्षे एक वाक्य वारंवार कानांवर पडते, आणि त्याचा समाचार घेतल्यावाचून आता राहवत नाही. ते वाक्य असे : ‘इंदिराबाई थोरच की हो, पण शेवटी शेवटी हात गेला होता त्यांचा.’

कोणी म्हणतो, ‘मृगजळ’पर्यंतच त्या खऱ्या. कोणी उदार होऊन ‘रंगबावरी’पर्यंत मुदत वाढवून देतो. त्यानंतर म्हणे तेच ते दुःख, तीच ती वाट पाहणे, तोच तो पाऊस. बोलणारा खांद्यावरची शाल सावरतो, ऐकणारे माना डोलावतात आणि विषय उसाच्या दराकडे वळतो. मी अशा वेळी एकच प्रश्न विचारत आलो आहे. ‘त्यांचे शेवटचे कोणते पुस्तक वाचलेत आपण?’ या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. मिळालेच तर ते शाळेच्या पाठ्यपुस्तकातले असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी नववी-दहावीत भेटलेली एक कविता, तेवढ्या शिदोरीवर कवयित्रीच्या उत्तरायुष्याचा निकाल लावायचा, आणि तोही अपिलाला जागा न ठेवता!

वाचकहो, म्हाताऱ्या कलावंताचा हात जातो की नाही, हा प्रश्न खोटा नाही. तो विचारायलाच हवा. माझे भांडण प्रश्नाशी नसून, तो न वाचता सोडवणाऱ्यांशी आहे. आणि हे भांडण एकट्या इंदिराबाईंसाठीही नाही. ते कशासाठी आहे ते पुढे सांगेन.

आधी थोडी उजळणी. निपाणी सोडून संकेश्वरकडे निघाले की तवंदीचा घाट लागतो. हमरस्त्यावरून धावणाऱ्या गाड्यांतल्या किती जणांना ठाऊक असते, की इंदिरा दीक्षित नावाच्या मुलीचे हे मूळ गाव? जन्म ४ जानेवारी १९१४ चा, विजापूरकडच्या इंडीचा. शिक्षण कोल्हापूरला आणि पुण्याला. ना. मा. संतांशी लग्न झाले. १९४० साली दोघांच्या कवितांचा मिळून ‘सहवास’ हा संग्रह निघाला, आणि अवघ्या सहा वर्षांत, १९४६ साली, संत गेले. पदरी लहान मुले. बेळगावात अध्यापिकांना शिकवण्याची नोकरी. त्या नोकरीतून आणि त्या घरातून ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७), ‘रंगबावरी’ (१९६४) असे संग्रह एकामागून एक आले. इथवरच्या इंदिराबाई सर्वांना मान्य आहेत. वाद आहे तो पुढचा.

पुढे काय झाले? १९७२ साली ‘बाहुल्या’ आला. १९८२ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ‘गर्भरेशीम’ आला आणि १९८४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८९ साली ‘चित्कळा’, ऐंशी वर्षे पुरी झाली त्या १९९४ साली ‘वंशकुसुम’, आणि १३ जुलै २००० ला त्या गेल्या त्या वर्षी ‘निराकार’. मध्यंतरी उतारवयात त्यांनी बायकांच्या ओव्यांचा ध्यास घेतला आणि ‘मालनगाथा’चे दोन भाग सिद्ध केले. अडुसष्ट ते शहाऐंशी या अठरा वर्षांत चार संग्रह आणि वर ओव्यांचे एवढे काम! हात गेलेल्या बाईचा हा पसारा आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी निवृत्तीनंतर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर सही करण्यापलीकडे हात चालवलेला नसतो.

‘आकडे मोजून प्रतिभा सिद्ध होते काय?’ असे कोणी विचारील, आणि ते बरोबरच आहे. ढीगभर लिहूनही माणूस संपलेला असू शकतो. तेव्हा आकडे बाजूला ठेवू. नुसती नावे वाचा. शेला, मेंदी, मृगजळ, रंगबावरी. अंगावर घ्यायचे वस्त्र, हातावरचा रंग, डोळ्यांना होणारा भास. सगळे बाहेरून दिसणारे आणि डोळ्यांना सुखवणारे. आता पुढची नावे वाचा. गर्भरेशीम, चित्कळा, वंशकुसुम, निराकार. कोशाच्या आतले रेशीम, मग चित्ताची कळा, मग आपल्यामागे उरणारा वंश, आणि शेवटी ज्याला आकारच नाही ते. खांद्यावरच्या शेल्यापासून निराकारापर्यंत कवयित्रीने केवढा पल्ला चालून काढला, हे मुखपृष्ठे वाचणाऱ्यालाही दिसावे. आम्हांला तेवढेही दिसत नाही, कारण मुखपृष्ठही हातात घेतलेले नसते.

आता ‘तेच ते’ या मुख्य आरोपाकडे येतो. इंदिराबाईंचा अनुभव एकाच माणसाभोवती, एकाच वियोगाभोवती फिरत राहिला, हे टीकाकारांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. ते खोटे नाही. पण आमच्या रसिकांनी त्याचा अर्थ असा घेतला, की गिरणीचा पट्टा निसटला आणि चाक नुसते गरगरत राहिले. मी त्यांना जात्याची आठवण देतो. निपाणी-चिक्कोडीकडच्या घरांत पहाटे जाते फिरे तेव्हा मराठी सासू ओवी म्हणे आणि शेजारची कानडी बाई ‘बीसुव पद’ म्हणे. जाते त्याच खुंट्याभोवती फिरते. ते जागचे हलले तर दळण होणार कसे? तेच माहेर, तोच भाऊ, तीच पंढरी, आणि तरी पिढ्यानपिढ्या बाया त्याच ओवीत नवे सुखदुःख घालीत आल्या. इंदिराबाई उतारवयात या ओव्यांकडे वळल्या याचे मला नवल वाटत नाही. आपली रीत हीच आहे, हे त्यांनी ओळखले असावे. दळण तेच की पीठ तेच, यातला फरक ज्याला कळत नाही त्याने निदान कवितेच्या गिरणीवर नंबर लावू नये.

दुसरा पुरावा म्हणून काही जण १९९२ पुढे करतात. त्या वर्षी आपल्या उशाशी, कोल्हापुरात, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या इंदिराबाई हरल्या आणि विनोदी लेखक रमेश मंत्री निवडून आले. दोष मंत्र्यांचा नव्हे. ते भरपूर लिहिणारे, भरपूर वाचले जाणारे लेखक होते आणि रीतसर निवडून आले. पण तेव्हापासून ‘लोकांनीच सांगितले की त्यांचा काळ संपला’ असा युक्तिवाद ऐकू येतो. मतपेटीतून अध्यक्ष निघतो, कवितेची प्रत निघत नाही, एवढे साधे तारतम्य नको काय? त्या निकालानंतर दोन वर्षांनी ‘वंशकुसुम’ आला. तीन वर्षांनी, १९९५ साली, जनस्थान पुरस्कार इंदिराबाईंना मिळाला. पराभवाने बाई थांबल्या नाहीत. थांबलो आपण, वाचायचे.

मराठीत एक म्हण आहे, ‘साठी बुद्धी नाठी’. आपल्या घरांत ती रोज वापरली जाते. आजोबांनी चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला की सून पदराआड हसून म्हणते. आपल्या शेजारच्या कानडी घरात हीच म्हण आहे. ‘अरवत्तक्के अरळु मरुळु’ म्हणतात, म्हणजे साठीला चळ. दोन भाषा एकमेकींशी कितीही भांडोत, म्हाताऱ्यांची टर उडवण्यात त्यांचे एकमत आहे! पण या कानडी म्हणीचे पुढे काय झाले, हे आपल्या दुभाषी घरांतल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि कवी झाले कानडीचे. साठी उलटल्यावर त्यांनी आपल्या संग्रहाला नाव दिले ‘अरळु मरळु’. म्हणीतल्या ‘मरुळु’मधला एक उकार त्यांनी काढून टाकला. ‘मरुळु’ म्हणजे वेड, ‘मरळु’ म्हणजे परत, पुन्हा. अरळु म्हणजे उमलणे. चळ लागला म्हणणाऱ्यांना बेंद्र्यांनी त्यांचीच म्हण एका उकाराने फिरवून परत दिली : पुन्हा उमलणे. या पुस्तकाला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे अडुसष्टाव्या वर्षी, १९६४ साली, ‘नाकुतंती’ आले आणि त्यासाठी १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले. उतारवयात बेंद्रे अंकांच्या नादी लागले. आकड्यांत त्यांना विश्वाचे गूढ दिसे आणि ते तासन्तास त्यावर बोलत. तेव्हाही पुष्कळांनी ‘आता संपले’ म्हणून माना हलवल्याच. पण साधनकेरीतले त्यांचे स्मारक आज उभे आहे, आणि त्यांच्या कविता गाणारी तरुण मुले मी धारवाडला पाहिली आहेत. सीमाप्रश्नावर आपले जे मत आहे ते माझेही आहे. पण शेजाऱ्याचे चांगले ते चांगले म्हणायला कोणत्याही आयोगाची परवानगी लागत नाही. आपल्या म्हाताऱ्या कवीला कसे वागवावे, हे त्या घरी जाऊन शिकून यावे.

आता बेळगावजवळच्या सुळेभावीला या. ८ एप्रिल १९२४ ला तिथल्या एका कानडी घरात शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मला. तोच कुमार गंधर्व. लहानपणीच गाण्याने मैफली जिंकणाऱ्या या गायकाला ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८ साली त्यांना हवापालटासाठी देवासला नेले, आणि कित्येक वर्षे गाणे बंद. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले. पाच-सहा वर्षांनी ते पुन्हा गायला बसले तेव्हा पूर्वीचा लांब दमसास नव्हता. जुनी मैफल आठवणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली असेल तर त्यात त्यांची चूक नाही. जे गेले होते ते खरेच गेले होते. पण अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी कान देऊन ऐकली होती. दम कमी पडतो तर सूर थोडक्यात, बाणासारखा नेमका टाकायचा, मधल्या शांततेलाही गाण्यात ओढायचे, अशी वाट त्यांनी काढली. लोकधुनांतून नवे राग बांधले, निर्गुणी भजनांना नवा घाट दिला. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ निघाला. जुन्या मोजपट्टीने मापणारा म्हणेल, दमसास कमी झाला. त्याचे बरोबर आहे. फक्त गाणे कुठे गेले ते त्याला कळले नाही.

ही दोन उदाहरणे देऊन ‘म्हणून कोणाचाही हात कधीही जात नाही’ असे मला म्हणायचे नाही. तसे म्हटले तर ती भाबडी भक्ती होईल, आणि भक्तीने कलेचे निंदेइतकेच नुकसान होते. हात जातो. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांचेच पाहा. ज्यांनी ‘माणूस’ (१९३९) केला, ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) केला, त्यांच्यावर ‘नवरंग’नंतर नुसत्या भडक रंगांचा आणि नाचांचा शिक्का बसला. १९७१ सालचा ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ पाहून आलेल्यांनी ‘अण्णा संपले’ असे बिनदिक्कत जाहीर केले. आणि पुढच्याच वर्षी, सत्तरी गाठलेल्या या माणसाने ‘पिंजरा’ काढला. तमाशाच्या फडात मास्तर धुळीला मिळाला आणि बेळगाव-निपाणीच्या थिएटरांतही लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. निंदक तोंडघशी पडले. मग १९८७ साली, पंच्याऐंशी पुरी झाल्यावर, शांतारामांनी ‘झांजर’ काढला. तो चालला नाही आणि त्यात जुने तेज नव्हते, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पण हे म्हणण्याचा अधिकार मला कोठून आला? तिकीट काढून मी तो पाहिला म्हणून. १९७१ साली ज्याने निकाल दिला तो १९७२ साली खोटा ठरला, हे ध्यानात ठेवून मी ‘झांजर’बद्दल बोलतो. एक पडलेली कृती म्हणजे संपलेला माणूस नव्हे. प्रत्येक कृती वेगळी पाहावी लागते, दर वेळी, नव्याने. याला कष्ट पडतात. ‘हात गेला’ म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत, म्हणून ते वाक्य एवढे लोकप्रिय आहे.

हा रोग केवळ शालवाल्या म्हाताऱ्यांचा आहे असेही समजू नका. माझा भाचा बेंगळुरूला संगणकाच्या कंपनीत आहे. गणपतीला घरी आला की मोठ्या पडद्यावर खेळ खेळत बसतो. गेल्या खेपेला तो मला सांगू लागला, ‘मामा, या खेळांचा बाप म्हणजे जपानचा मियामोतो. पण आता उतरला बघा तो. चाळीस वर्षे तोच मिशीवाला नळकाम करणारा, तीच पळवून नेलेली राजकन्या!’ मी म्हटले, ‘अरे, हे तर आमच्या मांडवातले वाक्य झाले!’ मग त्याच्याकडून सगळे समजून घेतले. शिगेरू मियामोतो १९५२ चा. निन्टेन्डो कंपनीसाठी ‘डाँकी काँग’ १९८१ साली, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली. राजकन्या तीच हे खरे. पण सपाट पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावणारा मारिओ १९९६ साली चहूबाजूंनी मोकळ्या मैदानात धावू लागला. पन्नाशीच्या सुमारास या गृहस्थांना बागकामाचा नाद लागला, तर त्यातून २००१ साली रोपट्यांसारख्या इवल्या जीवांचा ‘पिकमिन’ हा खेळ निघाला. पुढे रोज काट्यावर उभे राहून वजन टिपून ठेवायची सवय लागली, तर त्यातून २००७ साली ‘वी फिट’ निघाला आणि ज्यांनी कधी खेळाला हात लावला नव्हता ती घरची माणसे पाटावर उभी राहून व्यायाम करू लागली. मी भाच्याला विचारले, ‘यातले तू कोणते खेळलास?’ म्हणाला, ‘मारिओ. लहानपणी.’ संपलेच! त्याची नववी-दहावीची कविता तीच.

म्हणजे मूळ कोठे आहे ते पाहा. आपण ज्या वयात एखाद्या कलावंतावर जीव टाकतो ते वय आपल्याला परत हवे असते. तो कलावंत ते परत देऊ शकत नाही, कारण तो स्वतःच पुढे गेलेला असतो. मग आपण त्याच्यावर रुसतो आणि रुसव्याला समीक्षा म्हणतो. ‘मेंदी’ वाचताना आपण वीस वर्षांचे होतो. ‘निराकार’ आपल्याला वीस वर्षांचे करीत नाही. ते आपल्याला आहोत तिथेच, साठी-सत्तरीत, उभे करते. हे सोसवत नाही, एवढाच त्याचा दोष.

आणखी एक प्रकार असतो, मौनाचा. इंदिराबाईंचे पुत्र प्रकाश नारायण संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवीत. १९६० नंतरच्या वर्षांत ‘सत्यकथे’त त्यांनी लंपनच्या मोजक्या कथा लिहिल्या आणि मग कित्येक वर्षे चिडीचूप. ‘एक चांगला लेखक वाया गेला’ असा त्यांचाही मृत्युलेख रसिकांनी मनातल्या मनात लिहून टाकला असेल. १९९४ साली, म्हणजे आई ऐंशीची आणि मुलगा सत्तावन्नचा असताना, आईचा ‘वंशकुसुम’ आणि मुलाचा ‘वनवास’ अशी दोन पुस्तके एकाच वर्षी आली. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, आणि २००३ साली संत गेल्यावर ‘झुंबर’. आपण घरात बोलतो ती कानडीत भिजलेली मराठी, जिची पुण्या-मुंबईचे पाहुणे गंमत करतात, ती या पुस्तकांतून सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. त्या मौनात आत काय शिजत होते ते बाहेरच्याला कसे कळावे? पीक दिसत नाही म्हणून जमीन मेली असे कुणबी म्हणत नाही. ते म्हणायला साहित्यरसिक लागतो.

आता आपल्या दारात येतो, कारण खरे दुखणे इथे आहे. आपण आपल्या वडीलधाऱ्या लेखकांना व्यासपीठावर आणतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो. सीमाभागात मराठी आहे याचा पुरावा म्हणून ते आपल्याला हवे असतात. पुराव्याचा कागद फाइलीत जपतात, वाचत कोणी नाही. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत आयुष्यभर लिहीत राहिले. २०२४ साली ते गेले तेव्हा श्रद्धांजलीचे फलक लागले. फलक लावणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी त्यांचे एक तरी पुस्तक आहे, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या कपाटासमोर उभे राहून करावा.

एका काव्यवाचन स्पर्धेला मी परीक्षक होतो. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण ती एकटीच तशी नाही. इंदिराबाईंच्या कवितांचीच स्पर्धा होती. मुली तयारीने आल्या होत्या आणि एकीमागून एक त्याच दोन-तीन कविता म्हणत होत्या. एक मुलगी ‘निराकार’मधली कविता घेऊन आली होती. वहीत नीट उतरवून घेतलेली. संयोजक तिच्याजवळ जाऊन म्हणाले, ‘ते नको बाळ, लोकांना ओळखीचे असेल ते म्हण.’ मुलीने वही मिटली आणि सर्वांनी म्हटलेली कविता पुन्हा म्हटली. मी त्याच वेळी उठून तिला तिची कविता म्हणायला लावली. टाळ्या कमी पडल्या. माझ्या लेखी बक्षीस तिचेच होते, आणि परीक्षकांत वाद घालून मी ते तिला मिळवून दिले. पण विचार करा. ‘तेच ते’ कोण करीत होते, इंदिराबाई की आपण?

हे भांडण एकट्या इंदिराबाईंसाठी नाही असे मी वर म्हटले, त्याचा अर्थ आता सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपल्या मराठीबद्दलही हेच वाक्य बोलले जात आहे. ‘एके काळी होती हो बेळगावात मराठी. आता राहिली कुठे?’ बाहेरचे म्हणतात, अधिकारी म्हणतात, आणि अलीकडे आपल्यातलेही म्हणू लागले आहेत. मुले कानडी-इंग्रजीत शिकतात, घरात मिश्र बोलतात, म्हणून भाषा संपली. ‘हात गेला’ म्हणणाऱ्याचा आणि ‘भाषा गेली’ म्हणणाऱ्याचा खाक्या एकच आहे. दोघेही आज काय चालले आहे ते न पाहता जुन्या वैभवाचा दाखला देतात आणि जिवंत माणसाच्या तोंडावर पांघरूण ओढतात. १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या गावाने न वाचता निकाल द्यायचा, तर मग आपल्याला न वाचता निकालात काढणाऱ्यांविरुद्ध आपण कोणत्या तोंडाने बोलणार? जी कसोटी आपल्या कवयित्रीला लावू, तीच उद्या आपल्याला लावली जाईल. लंपनची मराठी शुद्ध नव्हती, मिसळलेली होती, आणि तीच तेवढी जिवंत निघाली, हे आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या हंगामात जिथे जिथे संमेलन होईल, तिथे एका परिसंवादाला सुट्टी द्या. ‘मराठी भाषेचे भवितव्य’ या विषयाला एक वर्ष विश्रांती मिळाली तर भवितव्याचे काही बिघडणार नाही. त्या तासात ‘गर्भरेशीम’नंतरच्या इंदिराबाई वाचा. गावातल्याच मुलींनी, मास्तरांनी, गृहिणींनी वाचाव्यात. बेंद्र्यांची एखादी उतारवयातली कविता शेजारच्या कानडी माणसाकडून वाचवून घ्या आणि तिचा अर्थ त्यालाच विचारा. वाचून झाल्यावर ज्याला वाटेल त्याने खुशाल उठून सांगावे, ‘नाही आवडली, इथे हात गेलेला दिसतो.’ कोणती कविता, कोणती ओळ, ते बोट ठेवून दाखवावे. मी त्याच्याशी वाद घालीन, पण त्याच्या मताचा मान ठेवीन, कारण तो वाचून बोलतो आहे.

न वाचणाऱ्याने मात्र चहा घ्यावा, शाल सावरावी, आणि उसाच्या दराबद्दल बोलावे. तिथे त्याचा अभ्यास पक्का असतो.